विश्लेषण : हिंगणघाटात विसावलेल्या भूमापकाकडून भंडाऱ्याच्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे?

शेताच्या धुऱ्यावरून दोन भावांत वाद झाला की प्रकरण शेवटी मोजणीवर येते. गावात हे काम रोज दिसते, पण दहावी-बारावीनंतर काय करायचे या चर्चेत भूमापनाचे नाव क्वचितच निघते. भारताचा अचूक नकाशा ज्या कामातून आकाराला आला, त्याची सुरुवात करणारा माणूस मात्र विदर्भातच, हिंगणघाट येथे मरण पावला. त्याचे नाव विल्यम लॅम्टन.

कोण होते लॅम्टन?

अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातील एका साध्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरची श्रीमंती नव्हती. गणित मात्र उत्तम होते. सैन्यात दाखल झाल्यावर ते अमेरिकेतील युद्धावर गेले आणि १७८१ मध्ये यॉर्कटाउनच्या पराभवानंतर कैदी झाले. सुटकेनंतर अनेक वर्षे कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक भागात राहिले. नव्या वसाहतींसाठी जमिनीची आखणी करण्याचे काम त्यांनी तिथे केले. भारतात आले तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. बढती नाही, नाव नाही, अशी अवस्था होती.

१७९९ च्या श्रीरंगपट्टण मोहिमेत एका रात्री इंग्रजांची एक तुकडी वाट चुकून भलत्याच दिशेने निघाली. लॅम्टन यांनी ताऱ्यांवरून दिशा ओळखून ती चूक दाखवून दिली. युद्ध संपल्यावर त्यांनी दक्षिण भारताच्या शास्त्रशुद्ध मोजणीचा प्रस्ताव मांडला आणि तो मंजूर झाला.

मोजणी नेमकी कशी झाली?

त्याचे मूळ दहावीच्या पुस्तकातील त्रिकोणमितीत आहे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले, की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. म्हणून पहिली एकच बाजू जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची. पुढे टेकड्या, मनोरे आणि मंदिरांच्या शिखरांवरून फक्त कोन मोजत जायचे.

ही पहिली बाजू, म्हणजे पायारेषा, १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट येथे मोजायला घेतली. लांबी सुमारे साडेसात मैल आणि साखळी शंभर फुटांची. म्हणजे साखळी जवळपास ४०० वेळा ताणावी लागली. पोलाद उन्हाने वाढते, म्हणून साखळीवर सावली धरली जाई आणि सोबत तापमापक ठेवले जात. पायारेषेत थोडी चूक राहिली असती, तर तीच पुढच्या प्रत्येक त्रिकोणात गेली असती.

पुढे बंगळूरजवळ दुसरी पायारेषा मोजून गणिताचा ताळा घेतला गेला. सुमारे सात मैलांत फरक निघाला चार इंचांहूनही कमी. याच कामातून मद्रास ते पश्चिम किनारा हे अंतर जुन्या नकाशांत सुमारे ४० मैल जास्त दाखवले गेल्याचे उघड झाले.

अडचणी आल्या का?

कोन मोजण्याचा मोठा थिओडोलाइट लंडनहून जहाजाने निघाला, तेव्हा ते जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. यंत्र नंतर परत मिळाले. सुमारे अर्धा टन वजनाचे हे यंत्र १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर चढवताना दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळून त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्टन यांनी काम सोडले नाही. कित्येक आठवडे तंबूत बसून त्यांनी ते हाताने दुरुस्त केले.

हे काम कंपनी सरकारला महसूल आणि सत्ता यांसाठी हवे होते, हेही विसरता येत नाही. यंत्रे वाहणारे, झेंडे धरणारे आणि तापाने दगावणारे बहुतेक जण भारतीय खलाशी होते. त्यांची नावे नकाशावर आली नाहीत.

विदर्भाशी नाते कसे जुळले?

१८१८ मध्ये या मोहिमेला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ हे नाव मिळाले. तोवर लॅम्टन थकले होते, पण कामावरच होते. मुख्यालय हैदराबादहून नागपूरला हलवताना वाटेत हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे. तोवर सुमारे १ लाख ६५ हजार चौरस मैल प्रदेश मोजून झाला होता.

त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ही रेषा १८४१ पर्यंत मसुरीजवळ नेली. याच सर्वेक्षणात राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाने १८५२ मध्ये जगातील सर्वांत उंच शिखराचे गणित मांडले. शिखराला नाव मात्र एव्हरेस्ट यांचे मिळाले.

आजच्या विद्यार्थ्यांसाठी वाट कोणती?

दहावीनंतर आयटीआयमध्ये सर्वेक्षक हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. तंत्रनिकेतनातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका घेता येते. त्यापुढे भूमी अभिलेख विभागातील भूकरमापक, भारतीय सर्वेक्षण विभाग, पाटबंधारे, रस्ते, रेल्वे अशा संधी आहेत. खाणीतील सर्वेक्षकाला स्वतंत्र परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावे लागते. तुमसर तालुक्यातील चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींमुळे भंडाऱ्यात हे क्षेत्र अनोळखी नाही.

साखळीची जागा आता ड्रोन आणि उपग्रहाशी जोडलेल्या रोव्हरने घेतली आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी ड्रोनने होते आणि घरमालकाला मालमत्ता पत्रक मिळते. पण यंत्र बदलले तरी जबाबदारी तीच आहे. गोसीखुर्दसारख्या प्रकल्पात कोणाची किती जमीन बुडाली आणि मोबदला किती, हे मोजणीच्या आकड्यावरच ठरते. इथली चूक इंचांची असली, तरी ती एखाद्या कुटुंबाच्या वाट्याला येते.

म्हणून या क्षेत्रात गणिताइतकाच ताळा घेण्याचा स्वभाव लागतो. स्वतःचे मोजमाप पुन्हा तपासण्याची ज्याला सवय आहे, त्याने दहावीनंतरच्या यादीत भूमापन नक्की लिहावे.