आरमाराचा कारकून

सॅम्युअल पीप्स हे नाव इंग्रजीच्या तासाला कानी पडते ते रोजनिशीकार म्हणून. लंडनचा प्लेग, १६६६ ची आग, नाटके, जेवणावळी. परीक्षेपुरते एवढे पुरते. मला मात्र त्याच्या कचेरीतील कामाची अधिक ओढ. आमचे वडील बेळगावात धान्यपुरवठ्याचे ठेके घेत. टेंडर, नमुना, वजनातील तूट, अडकलेले बिल हे शब्द मी पाढ्यांच्या आधी ऐकले.

पाढ्यांवरून आठवले. १६३३ साली लंडनमधील एका शिंप्याच्या घरी जन्मलेला, केंब्रिजचा पदवीधर असा हा पीप्स १६६० मध्ये एडवर्ड मॉन्टेग्यू या नातेवाईकाच्या वशिल्याने नौदल मंडळाचा चिटणीस झाला. जहाजांचे ज्ञान बेताचेच. लाकडाचे माप कळेना, तेव्हा १६६२ मध्ये या पदवीधराने जहाजावरील एका माणसाची शिकवणी लावून गुणाकाराचे पाढे घोकले. मग गोदीत जाऊन तो स्वतः लाकूड मोजू लागला, दोरखंड व डांबर तपासू लागला, शिडाच्या कापडाचे भाव ताडून पाहू लागला. (आपली मुंबई इंग्रजांना हुंड्यात मिळाली ती याच काळात, ते बेट अगदीच किरकोळ निघाल्याची कुरकुरही त्याच्या रोजनिशीत आहे.)

पण हाच मनुष्य भेटीही घेई. एका कप्तानाने पाकिटातून पैसे दिले, तेव्हा त्याने आधी पैसे बाहेर पडू दिले आणि मगच आत पाहिले. पुढे कोणी विचारलेच, तर कागदात पैसे पाहिले नाहीत असे सांगता यावे! डोलकाठ्यांचा मोठा ठेका मिळालेल्या सर विल्यम वॉरन या लाकूड व्यापाऱ्याने १६६४ मध्ये त्याच्या पत्नीसाठी हातमोजे दिले. त्यांबरोबर सोन्याची चाळीस नाणी होती. राजाचे नुकसान होत नसेल तर भेट घेण्यात पाप नाही, अशी त्याने मनाची समजूत घातलेली. मला हे वाचून हसू आले नाही. आमच्या वडिलांच्या वहीत ‘दिवाळी’ असे एक खाते असे. एका वर्षी त्यांनी ते कोरे ठेवले आणि त्याच वर्षी आमचा नमुना नापास झाला.

पुढे डचांशी युद्ध पेटले. तिजोरीत पैसा नाही, व्यापारी उधार देईनात, खलाशांना पगाराऐवजी चिठ्ठ्या. जून १६६७ मध्ये डच थेट मेडवे नदीत शिरले, जहाजे जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ ओढून नेले. मार्च १६६८ मध्ये पीप्सने पार्लमेंटपुढे सुमारे तीन तास बोलून मंडळाची बाजू सावरली.

१६७३ मध्ये तो आरमार खात्याचा सचिव झाला. १६७७ मध्ये लेफ्टनंटांसाठी परीक्षा सुरू झाली. त्याच वर्षी पार्लमेंटने तीस जहाजांसाठी सहा लाख पौंड मंजूर केले. खोट्या आरोपांवरून १६७९ मध्ये त्याला टॉवरच्या कैदेत पडावे लागले. १६८४ मध्ये परतला, तेव्हा ती नवी जहाजे नांगरावरच कुजलेली. आतून मुठीएवढ्या अळंब्या त्याने स्वतःच्या हाताने खुडल्या.

राजा बदलल्यावर १६८९ मध्ये त्याने पद सोडले. १६०३ नव्हे, १७०३ मध्ये तो वारला, तेव्हा सरकारकडे त्याचे अठ्ठावीस हजारांहून अधिक पौंड येणे होते. हे मी वडिलांना सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, कागद जपून ठेवले होते ना त्याने?