फादर स्टीफन्स : ओवी लिहिणारा इंग्रज

हॉस्टेलवर नवीन आलेला आमच्या जव्हार-मोखाड्याचा पोरगा ओळखायचा कसा, सांगू? तो पहिले चार दिवस बोलतच नाही! घरची वारली नाहीतर कोकणा बोली तोंडातून निसटली तर पोरं हसतील, ही धास्ती. मीही त्यातलाच. म्हणूनच फादर थॉमस स्टीफन्स यांच्याबद्दल वाचलं, तेव्हा हा माणूस तुम्हाला सांगावासा वाटला.

जन्म १५४९ च्या सुमाराचा, इंग्लंडमधल्या विल्टशायरचा. पुढे तिथे पहिल्या एलिझाबेथ राणीचं राज्य आलं आणि कॅथलिक धर्म पाळणं धोक्याचं झालं. स्टीफन्स देश सोडून रोमला गेले, १५७५ मध्ये जेझुईट संघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून जहाजाने निघाले ते २४ ऑक्टोबरला गोव्यात उतरले. वाटेत आजारपणाने २७ जण दगावले. पोचल्यावर वडिलांना लिहिलेल्या पत्रात होकायंत्राची सुई कशी ढळते, समुद्रात पूर्व-पश्चिम ठिकाण काढणं का अवघड, हेही त्यांनी लिहिलंय. आपल्या सर्व्हेइंगच्या सरांना आवडेल असं पत्र!

पुढची ४० वर्षं ते गोव्यातच राहिले, बहुतेक काळ सासष्टीत. काळ मोठा कठीण होता. पोर्तुगीज सत्तेने १५६७ च्या सुमारास तिथली देवळं पाडली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी आणली होती. स्टीफन्स त्याच सत्तेच्या आश्रयाने काम करत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची पुराणं गेली. मग आता त्यांनी वाचायचं काय, गायचं काय? हा प्रश्न त्यांनी आपल्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच मांडलाय.

उत्तर पोर्तुगीजमध्ये देता आलं असतं. पण ते मराठी शिकले, ओवी शिकले आणि बायबलची कथा 'ख्रिस्तपुराण' म्हणून लिहिली. तब्बल १०,९६२ ओव्या! कथा येशूची, पण स्वर्गाला शब्द वैकुंठ. १६१६ मध्ये ग्रंथ छापला तो मात्र रोमन लिपीत, कारण देवनागरीचे शेकडो खिळे पाडणं तिथे जमलं नाही. लोक तो देवळात (म्हणजे चर्चमध्ये) गायचे.

मला सगळ्यात भावलं ते वेगळंच. बाजारात नि शेतात बोलली जाणारी कोकणी त्यांनी हलकी मानली नाही, तिचं व्याकरण लिहिलं. इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे, हे त्यांनी १५८३ मध्येच भावाला कळवलं होतं.

१६१९ मध्ये ते वारले. व्याकरण छापलं गेलं १६४० मध्ये. आणि १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने हुकूम काढला, की तीन वर्षांत लोकांनी आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावं! ख्रिस्तपुराणाच्या त्या जुन्या छापील प्रतींपैकी आज एकही सापडत नाही. लोकांनी हाताने उतरवून ठेवलं म्हणून ते वाचलं. त्यावरून १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापलं, १९५६ मध्ये पुण्यात देवनागरीत आलं.

आता जरा वजाबाकी करा. कॅथलिक चर्चने उपासनेत लोकभाषेला जगभर वाट मोकळी केली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६३ साली. ख्रिस्तपुराणानंतर ३४७ वर्षांनी! आमचे जव्हार-मोखाडा १९९८ पासून वसई धर्मप्रांतात येतात आणि तिथे मिस्सा मराठीत होते. पण आमच्या पाड्यावरच्या म्हातारीला मराठीसुद्धा शाळेची भाषा वाटते, त्याचं काय? तिच्यापर्यंत जायचं तर फादर असो, डॉक्टर असो की उद्या बंधारा बांधायला जाणारे आपण इंजिनिअर, तिची बोली शिकावीच लागेल.

तर दोस्तांनो, या सुट्टीत घरी गेलात की आजीजवळ बसा आणि तिचे शंभर शब्द वहीत उतरवा. इंग्लंडहून आलेल्या माणसाला जमलं, आपल्याला तर ते घरबसल्या मिळतंय!