काशिनाथ रघुनाथ मित्र

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दक्षिण भागात, सावंतवाडी तालुक्यात, आजगाव नावाचे गाव आहे. शिरोड्याचा समुद्रकिनारा तेथून फारसा दूर नाही. या गावी २ नोव्हेंबर १८७१ रोजी काशिनाथ रघुनाथ आजगावकर यांचा जन्म झाला. त्या काळी हा मुलूख सावंतवाडी संस्थानात मोडत असे. सिंधुदुर्ग जिल्हा पुढे १९८१ साली निर्माण झाला.

आजगावकर या आडनावाने मात्र महाराष्ट्र त्यांना ओळखत नाही. तरुणपणी त्यांना बंगाली साहित्याची विलक्षण गोडी लागली. ते ती भाषा शिकले, आणि त्या प्रेमाची खूण म्हणून त्यांनी मित्र हे नाव धारण केले. बंगालमध्ये मित्र हे एक रूढ आडनाव आहे. मराठीत त्या शब्दाचा अर्थ काय, हे सांगणे नलगे. आणि वाचकांचा स्नेही होऊ पाहणाऱ्या संपादकाला याहून शोभेसे नाव शोधूनही सापडले नसते.

बंगालमध्ये बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी १८७२ साली बंगदर्शन हे मासिक काढले होते. त्यात त्यांच्या कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने प्रसिद्ध होत आणि नंतर त्यांची पुस्तके निघत. महाराष्ट्रातही हरि नारायण आपटे यांनी १८९० पासून करमणूक साप्ताहिकातून आपल्या कादंबऱ्या याच रीतीने वाचकांपुढे ठेवल्या. आजही जपानात चित्रकथा प्रथम नियतकालिकांतून क्रमशः येतात आणि मागाहून ग्रंथरूप घेतात. पुढे काय झाले, या उत्कंठेने वाचक पुढच्या अंकाची वाट पाहतो, आणि त्या वाट पाहण्यावरच नियतकालिक जगते.

जानेवारी १८९५ मध्ये मित्रांनी मुंबईत मासिक मनोरंजन सुरू केले. तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. हे धाडसच होते. विविधज्ञानविस्तारासारखी मासिके मुख्यतः विद्वानांसाठी चालत, आणि केसरीसारखी वृत्तपत्रे राजकारणासाठी. गोष्टी वाचणे म्हणजे वेळेचा अपव्यय, असे मानणारी वडीलधारी माणसे घरोघर होती. मासिकाचा खर्च तर दर महिन्याला ठरलेला. कागद विकत आणावा लागे, छापखान्यात एकेक खिळा हाताने जुळवावा लागे, अंक टपालात पडावा लागे. वर्गणी मात्र ज्याच्या त्याच्या सोयीने यावयाची. वर्गणीदारांनी पाठ फिरवली की मासिक बुडाले. त्या काळी निघालेली कितीतरी मासिके अशीच अल्पायुषी ठरली.

मनोरंजन टिकले, कारण मित्रांना वाचकाची नाडी कळली होती. क्रमशः येणाऱ्या कादंबरीबरोबरच, एकाच अंकात आरंभ होऊन त्याच अंकात संपणारी कथा त्यांनी आवर्जून छापली. अशा कथेला मनोरंजनात संपूर्ण गोष्ट असे म्हणत. आज हे नाव जरा गमतीचे वाटेल, पण मराठी लघुकथेच्या वाढीत त्याला महत्त्वाचे स्थान आहे. विठ्ठल सीताराम गुर्जर हे अशा गोष्टींचे लोकप्रिय लेखक. प्रभातकुमार मुखोपाध्याय यांच्या बंगाली कथांना त्यांनी मराठी वेष चढवला, तो इतका बेमालूम की पुष्कळांना त्या कथा मूळच्याच इकडच्या वाटल्या! वामन मल्हार जोशी यांची रागिणी ही कादंबरी प्रथम मनोरंजनातूनच क्रमशः आली. बालकवी आणि गोविंदाग्रज यांच्या कविता त्यात येऊ लागल्या. स्त्रियांनीही त्यात लिहिले, आणि घरातील लेकीसुनांच्या हाती हे मासिक निःसंकोच देता येई. शिवाय मनोरंजक ग्रंथप्रसारक मंडळीच्या द्वारे मित्रांनी पुस्तकेही प्रसिद्ध केली.

मासिकाला चौदा वर्षे पूर्ण झाल्यावर, १९०९ साली, मित्रांनी एक नवाच प्रयोग केला. इंग्रजी नियतकालिके नाताळात मोठे, सजवलेले खास अंक काढीत. आपल्याकडे दिवाळीत असा अंक का असू नये? पाऊस सरलेला असतो, शाळा-कचेऱ्यांना सुटी असते, घरात फराळाचे डबे भरलेले असतात. वाचनाला याहून चांगले दिवस कोणते! पण अशा अंकाला नेहमीपेक्षा खर्च अधिक, आणि तो पसंत पडेल की नाही याची हमी कोणी द्यावी? तरीही मित्रांनी तो काढला. मराठीतील दिवाळी अंकांची परंपरा या अंकापासून सुरू झाली असे मानतात. या यशानंतर मनोरंजनाने इतरही विशेष अंक काढले. दिल्ली दरबाराचा अंक निघाला, तसाच समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर यांच्यावरही एक अंक निघाला. राजेरजवाड्यांचा थाट आणि निर्धन सुधारकाचे स्मरण, दोहोंना एकाच मासिकाने जागा दिली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

पंचवीस वर्षे मित्रांनी हा भार वाहिला. २३ जून १९२० रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मनोरंजन त्यांच्यामागे आणखी पंधरा वर्षे निघत राहिले आणि १९३५ साली बंद पडले. तोपर्यंत दिवाळी अंकाची कल्पना इतर संपादकांनी उचलली होती. आता दर वर्षी दिवाळीच्या सुमारास मराठीत असे शेकडो अंक निघतात.