खिशात मावणारे रिव्हॉल्व्हर आणि त्याचा कर्ता

लष्करात, शिंदे की छावणीतल्या आमच्या घरी, आजोबांच्या खोलीत एक शिसवी पेटी असे. तिच्यात हिरव्या बनातीवर एक लहानसे रिव्हॉल्व्हर ठेवलेले होते. पणजोबांनी ते एका गोऱ्या साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतले होते. त्यात बार भरलेला घरातल्या कोणीच पाहिला नव्हता. खंडेनवमीला तलवारीशेजारी त्यालाही गंधफूल मिळे, एवढाच त्याचा मान. मला मात्र त्याचे वेड होते, आणि ते त्यावरच्या चित्रामुळे. गोळ्यांची पाच घरे असलेल्या त्याच्या फिरत्या चक्रावर बारीक रेघांनी एक देखावा कोरलेला होता: घोड्यांची टपालगाडी, तिला वाटेत अडवणारे दरोडेखोर आणि झालेली झटापट. चक्र फिरवीत गेले की गोष्ट पुढे सरके.

साल १९५२. मी आठ वर्षांचा होतो. एका दुपारी मी ते पेटीतून काढले, घोडा मागे ओढला, आत्याच्या मुलीवर नेम धरला आणि चाप दाबला. नुसता खट् असा आवाज झाला. दारात आजोबा उभे होते. उभ्या आयुष्यात त्यांनी मला एकदाच मारले, ते त्या दुपारी. पिस्तुल रिकामे आहे, असे मी रडत रडत सांगत होतो. आणि ते तर त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होते. मग मारले का, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षे माझ्या मनात राहिला. ज्याने ते हत्यार घडवले त्याचे चरित्र वाचू लागलो तेव्हा उत्तर हळूहळू सापडत गेले. तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

त्या कर्त्याचे नाव सॅम्युएल कोल्ट. अमेरिकेतील कनेक्टिकट संस्थानात, हार्टफर्ड या गावी, १९ जुलै १८१४ रोजी त्याचा जन्म झाला. आई तो लहान असतानाच क्षयाने गेली. अकराव्या वर्षी त्याला एका शेतकऱ्याकडे कामाला ठेवले होते. पुढे तो वडिलांच्या कापडगिरणीत गेला, पण त्याचे सारे चित्त दारू आणि वीज यांत. १८२९ च्या ४ जुलैला, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, वेअर गावच्या तळ्यातला तराफा आपण विजेच्या तारेने उडवून दाखवणार, अशी त्याने जाहिरात केली. स्फोट झाला, पण तराफा राहिला बाजूला आणि सणाचे कपडे घालून आलेली मंडळी चिखलपाण्याने न्हाऊन निघाली. चिडलेल्या जमावाच्या तावडीतून ज्या तरुण कारागिराने त्याला वाचवले तो एलिशा रूट, आणि हाच रूट पुढे कोल्टच्या कारखान्याचा मुख्य कारभारी झाला, असे सांगतात. शाळेतही आतषबाजीच्या नादात आग लागली आणि शाळा सुटली. तेव्हा वडिलांनी पोराला जहाजावर धाडले.

आपल्या दृष्टीने खरी मौज येथून सुरू होते. १८३० साली बोस्टनहून निघालेले ते ‘कॉर्व्हो’ नावाचे जहाज कलकत्त्यास यायला निघाले होते. ग्वाल्हेरीस तेव्हा बायजाबाईसाहेबांचा कारभार चालू होता. या प्रवासात सोळा वर्षांचा कोल्ट सुकाणूचे चक्र पाहत बसे. चक्र कसेही फिरवा, त्याचा कोणता ना कोणता आरा ठरल्या जागी येऊन अडकतो. त्याला पिस्तुलाची युक्ती यातूनच सुचली, अशी कथा आहे. चाकूने कोरून त्याने एक लाकडी नमुना केला; तो हार्टफर्डच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे.

एकाहून अधिक बार काढणारी पिस्तुले त्याआधी नव्हती असे नाही. फिरत्या घरांच्या तोड्याच्या बंदुका आपल्याकडच्या कारागिरांनीही केल्या होत्या. लंडनमध्ये एलिशा कॉलियर याने १८१८ साली चकमकीच्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले होते. परंतु त्यांत चक्र हाताने फिरवावे लागे, आणि घर नळीसमोर नीट बसले नाही तर झाडणाऱ्याच्याच जिवावर बेतत असे. कोल्टने केले ते एवढेच: वरचा घोडा मागे ओढला की आतली एक लहान पट्टी चक्राच्या मागच्या दातेऱ्याला ढकलते, चक्र एक घर पुढे सरकते, आणि खालून एक खिट्टी खाचेत बसून त्याला जागच्या जागी जखडते. मग खालचा चाप ओढायचा. अंगठ्याच्या एका हालचालीत तीन कामे झाली. शिवाय प्रत्येक घराच्या मागे टोपीसाठी स्वतंत्र कप्पा ठेवल्यामुळे एकाची ठिणगी शेजारच्या बारात जाण्याचे भय कमी झाले.

युक्ती सुचली, पण पैसा कोठून आणावा? वडिलांच्या पैशाने पहिले पिस्तुल केले ते झाडताच फुटले. तेव्हा या पठ्ठ्याने वेगळाच धंदा काढला. आडनावाचे अक्षर किंचित बदलून तो न्यूयॉर्क, लंडन व कलकत्ता येथील नामांकित डॉक्टर बनला आणि गावोगाव तिकिटे लावून लोकांना हसविणारा वायू हुंगवू लागला. ज्या गावी तो खलाशी म्हणून गेला होता, त्या कलकत्त्याच्या नावावर त्याने अमेरिकेत पैसा मिळवला, आणि तो सारा बंदुका घडविणाऱ्या कारागिरांना दिला. १८३५ मध्ये इंग्लंडचे आणि २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेचे पेटंट त्याच्या हाती आले. न्यू जर्सीतील पॅटर्सन गावी कारखाना उभा राहिला.

या पहिल्या कारखान्यातच खिशातल्या रिव्हॉल्व्हरचा जन्म झाला. नळीचा व्यास इंचाच्या अठ्ठावीस शतांश, गोळ्यांची घरे पाच, आणि चाप मुडपून अंगात दडलेला. घोडा ओढला म्हणजेच चाप खाली उतरे, त्यामुळे त्याला कडे लागत नसे आणि खिशाचे कापड अडकत नसे. परंतु हत्यार नाजूक आणि महाग; लष्कराने पुरेशी मागणी दिली नाही. १८४२ मध्ये कारखाना बुडाला. त्याच सुमारास घरावरही काळ कोसळला. सख्खा भाऊ जॉन याने १८४१ मध्ये एका छापखानेवाल्याचा कुऱ्हाडीने खून केला. त्या खटल्यात सॅम्युएलला कोर्टात आपल्या पिस्तुलांचे प्रात्यक्षिक करून दाखवावे लागले. नोव्हेंबर १८४२ मध्ये, फाशीच्या ठरल्या दिवशीच, भाऊ कोठडीत मृत सापडला.

दुसरा कोणी असता तर येथेच थांबला असता. कोल्ट समुद्रातले सुरुंग आणि पाण्याखालच्या तारा यांच्या खटपटी करीत राहिला. मग मेक्सिकोचे युद्ध पेटले. कॅप्टन सॅम्युएल वॉकर या टेक्सासच्या स्वाराने त्याच्याकडे एक हजार रिव्हॉल्व्हरांची मागणी आणली. ते हत्यार दोन किलोंहून जड; घोडेस्वाराच्या खोगिराला बांधावे असे. त्याने कोल्टला पुन्हा पायावर उभे केले. पण मोठे हत्यार सैनिक घेतो. संसारी माणसाला हवे ते अंगरख्याच्या खिशात मावणारे, हे या धंदेवाईक माणसाने अचूक ओळखले. १८४९ साली त्याने जे लहान रिव्हॉल्व्हर काढले तेच आमच्या पेटीतले. नळी इंचाच्या एकतीस शतांश व्यासाची, आणि चक्रावर टपालगाडीचे चित्र. १८७३ पर्यंत अशी तीन लाखांहून अधिक रिव्हॉल्व्हरे तयार झाली. कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या शोधात निघालेला प्रत्येक जण वाटेवरच्या दरोडेखोरांना भीत होता. ते चित्र म्हणजे त्या भीतीचीच जाहिरात होती, हे मला फार उशिरा कळले.

१८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात त्याने शेकडो हत्यारे मांडली आणि १८५३ मध्ये थेम्सकाठी कारखाना काढला. रॉबर्ट अ‍ॅडम्स याचे रिव्हॉल्व्हर तेथे त्याचे प्रतिस्पर्धी ठरले; त्यात नुसता चाप ओढला तरी बार निघे. सत्तावनच्या युद्धात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला ही दोन्ही हत्यारे होती. जून १८५८ मध्ये कोटा-की-सराईच्या मैदानावर राणी लक्ष्मीबाई पडल्या तेव्हा आपल्याकडच्या बहुतेकांच्या हाती तलवार, भाला किंवा एकबारी तमंचा होता. फुलबागेतील समाधीपाशी उभे राहिले की हा हिशेब मला आठवतो. शौर्य दोन्हीकडे असेल. पण एक बार आणि पाच बार यांत अंतर पडतेच.

हार्टफर्डला १८५५ मध्ये नदीकाठी कोल्टचा भव्य कारखाना उभा राहिला. त्यावर निळा, कांद्याच्या आकाराचा घुमट. आत रूटच्या देखरेखीखाली यंत्रे प्रत्येक भाग इतका सारखा कापीत की जोडणाऱ्याला कानस फारशी लावावी लागत नसे. याच दिवसांत एक मोठी संधी मात्र निसटली. त्याच्याकडे पूर्वी काम केलेल्या रोलिन व्हाइट याने चक्राला आरपार भोक पाडून मागून काडतूस घालण्याचे पेटंट १८५५ मध्ये घेतले. ते स्मिथ आणि वेसन या जोडीने आपल्या हाती घेतले आणि १८५७ मध्ये तळहाताएवढे सात बारांचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. दारू ठासणे नको, टोपी लावणे नको. १८६९ पर्यंत कोल्टच्या कंपनीला त्या वाटेने जाता आले नाही.

ते पाहायला कोल्ट राहिलाच नाही. १८५६ मध्ये एलिझाबेथ जार्विस हिच्याशी त्याचे लग्न झाले होते. मुले झाली, पण बहुतेक लहानपणीच गेली. १० जानेवारी १८६२ रोजी, यादवी युद्ध ऐन भरात असता, सत्तेचाळिसाव्या वर्षी तो वारला. दोन वर्षांनी कारखाना जळाला. त्याच्या विधवेने तो पुन्हा उभारला आणि पतीच्या स्मरणार्थ एक चर्चही बांधले. त्या चर्चच्या एका दारावर दगडात पिस्तुले कोरलेली आहेत.

लहान हत्याराचा प्रवास पुढे चालूच राहिला. खिशात अडकणारा घोडा आत झाकला गेला. १८८७ मध्ये स्मिथ आणि वेसन यांनी असे रिव्हॉल्व्हर काढले की मूठ आवळून धरल्याखेरीज चाप हलतच नाही. एका लहान मुलाला घरातल्या पिस्तुलाने इजा झाल्याचे ऐकून वेसन याने ही योजना केली, अशी आख्यायिका आहे. ती वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. आपल्याकडे २०१४ साली कानपूरच्या सरकारी कारखान्याने स्त्रियांसाठी अर्ध्या किलोचे ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढले. कारण तेच, भीती.

आता त्या थपडेविषयी. २७ जानेवारी १९४८ च्या रात्री दोघे जण दिल्लीहून ग्वाल्हेरीस उतरले आणि येथून एक इटालियन पिस्तुल घेऊन परत गेले. ३० तारखेच्या सायंप्रार्थनेत त्याच्याच तीन गोळ्यांनी गांधीजींचा घात झाला. ते कोल्टच्या चक्राचे नव्हते, त्यातल्या गोळ्या मुठीत राहत. पण लांबी अवघी सहा इंच. तलवार घेऊन त्या सभेत कोणी शिरू शकला नसता. आमच्या आळीतल्या मराठी घरांत त्यानंतर कित्येक वर्षे हा विषय मोठ्याने निघत नसे. मी चाप ओढला त्या दुपारी आजोबांच्या डोळ्यांपुढे काय आले असेल, हे आज मला समजते.

१९६२ मध्ये नवा शस्त्रकायदा लागू झाला तेव्हा आजोबांनी ते रिव्हॉल्व्हर स्वतः कोतवालीत नेऊन जमा केले आणि पावती पेटीत ठेवली. आत्याची मुलगी आता पणजी झाली आहे. दिवाळीला आली की ती अजून पेटी उघडायला लावते, पावती पाहते, आणि माझ्याकडे बघून हसते. मला अजून तितके मोकळे हसता येत नाही.