खर्जातली कॅरन

जग ज्या गोष्टीसाठी एखाद्या कलावंताला ओळखते, ती त्याची पहिली आवड असतेच असे नाही. अमेरिकन गायिका कॅरन कार्पेंटर हिची कहाणी अशीच आहे. १९७० साली निघालेल्या 'क्लोज टू यू' या लाँगप्ले रेकॉर्डने तिचा आवाज घरोघर पोचवला. पण ती स्वतःला गायिका नव्हे, तर गाणारी ड्रमवादक समजत असे.

कॅरनचा जन्म २ मार्च १९५० रोजी कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे झाला. थोरला भाऊ रिचर्ड पियानो वाजवण्यात हुशार. घराच्या साऱ्या आशा त्याच्यावर! १९६३ साली हे कुटुंब कॅलिफोर्नियातील डाउनी या गावी आले, त्यामागेही रिचर्डच्या संगीताचा विचार होता. शाळेत कॅरनला कवायतीचा तास नकोसा वाटे. त्यातून सुटण्यासाठी ती बँडपथकात शिरली. हाती आले धातूच्या पट्ट्यांचे वाद्य, पण तिचे डोळे लागले होते शेजारच्या ड्रमवर. मुलीने ड्रम वाजवणे तिकडेही त्या काळी नवलाचेच होते. तिने हट्ट धरला, वाद्य मिळवले आणि तासन् तास रियाज करून ते हस्तगत केले.

१९६६ मध्ये भावाबहिणीच्या त्रिकुटाने हॉलीवूड बोल येथील स्पर्धा जिंकली. एप्रिल १९६९ मध्ये हर्ब अल्पर्ट यांच्या ए अँड एम कंपनीने दोघांना करारबद्ध केले. तेव्हा कॅरन एकोणीस वर्षांची होती, म्हणजे आज माझे जे वय आहे तेच. पहिली रेकॉर्ड फारशी खपली नाही. दुसरी 'क्लोज टू यू'.

तो काळ व्हिएतनाम युद्धाचा, मोर्चांचा आणि कर्कश गिटारींचा. त्या गदारोळात हे मृदू सूर आले. शीर्षकगीत बर्ट बॅकरॅक आणि हॅल डेव्हिड या जोडीचे होते. ते आधी इतरांनीही गायले होते, पण गाजले नव्हते. रिचर्डने त्याची नव्याने बांधणी केली आणि ते अमेरिकेत सलग चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. याच रेकॉर्डमधले दुसरे गाजलेले गीत, 'वुईव्ह ओन्ली जस्ट बिगन', मुळात एका बँकेच्या जाहिरातीसाठी रचलेले होते! पुढे ते कितीतरी लग्नसमारंभांत वाजले. रेकॉर्ड दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली आणि १९७१ साली दोघांना दोन ग्रॅमी पारितोषिके मिळाली.

ही रेकॉर्ड मी मोबाईलवर पुन्हा पुन्हा ऐकली आहे. मागे अख्खे वृंदगान आहे असे वाटते, पण ते या दोघांचेच आवाज एकावर एक ध्वनिमुद्रित करून उभे केलेले आहे. कॅरन वरच्या पट्टीत जाऊन टाळी घेत नाही. ती खर्जात उतरते, कानाशी बसून बोलल्यासारखी गाते. इंग्रजी मला अजून जपून वाचावे लागते, पण तिचा शब्दन् शब्द कळतो. मात्र शीर्षकगीतात ड्रम वाजवला आहे तो हॅल ब्लेन या व्यावसायिक वादकाने.

पुढे रंगमंचावरही तेच झाले. साडेपाच फुटांहून कमी उंचीची कॅरन ड्रममागे झाकली जाई. लोकांना गाणारी मुलगी समोर हवी होती. तिला ते रुचत नव्हते, पण हळूहळू ती पुढे आली. आता हजारो नजरा तिच्यावर होत्या. वजन कमी करण्याचा ध्यास वाढत गेला आणि त्याचा आजार झाला. त्या आजाराचे नाव ॲनोरेक्सिया नर्व्होसा. १९७५ साली ब्रिटन व जपानचे दौरे रद्द करावे लागले. हा आजार तेव्हा सामान्य लोकांना ठाऊकच नव्हता. १९७९-८० मध्ये तिने स्वतंत्र गाण्यांची एक रेकॉर्ड मोठ्या उमेदीने केली. भावाला व कंपनीला ती पसंत पडली नाही आणि ती बाजूला ठेवली गेली. ती बाहेर आली १९९६ साली, कॅरनच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी! १९८० मधील विवाहही सुखाचा ठरला नाही. १९८२ साली तिने न्यूयॉर्कला राहून उपचार घेतले, वजन थोडे वाढले, पण हृदय थकले होते. ४ फेब्रुवारी १९८३ रोजी डाउनीच्या घरी ती कोसळली. वय अवघे बत्तीस.

तिच्या जाण्याने हा आजार वर्तमानपत्रांत आला आणि अनेक घरांत प्रथमच त्याविषयी बोलले जाऊ लागले. आज 'क्लोज टू यू' ऐकणारे त्या सुरांत पुढचे दुःख शोधतात. मला ते पटत नाही. त्या रेकॉर्डवर गाते आहे ती वीस वर्षांची, कामाने झपाटलेली मुलगी. तिला जगायचे होते, वाजवायचे होते. १९७६ च्या दूरदर्शन कार्यक्रमात ती एका ड्रमकडून दुसऱ्याकडे धावत वाजवताना दिसते, तेव्हा तिचा चेहरा पाहावा!

हे सारे दूर देशीचे, श्रीमंतांचे, असे कोणी म्हणेल. आमच्या घरी आई सर्वांना वाढून उरेल ते खाते, तिथे मुद्दाम उपाशी राहणे कोणाला समजणार? पण वसतिगृहात रात्रीचे ताट परत करणाऱ्या मुली मी पाहते आणि त्यांच्या सडपातळपणाची स्तुतीही ऐकते. मैत्रिणींनो, अशी स्तुती करण्याआधी तिच्यापाशी दोन घटका बसावे आणि तिला मनापासून काय करावेसे वाटते, ते विचारावे. कॅरनचे गाणे सर्वांनी ऐकले. तिचा ड्रम मात्र फार थोड्यांनी ऐकला.