हृदयरुग्णाच्या दारी रुग्णालय नेणारा डॉक्टर

पेडगाव (जि. परभणी) – मनमाड-परभणी लोहमार्गावरील या गावात रात्री-अपरात्री कोणाच्या छातीत कळ आली, तर परभणीच्या जिल्हा रुग्णालयाचा रस्ता धरावा लागतो. औषधे, यंत्रे सारे तेथे असते. धोका असतो तो वाटेतल्या वेळेचा. या वेळेवर मात करण्यासाठी आयुष्य वेचणारे हृदयरोगतज्ज्ञ म्हणजे डॉ. फ्रँक पॅन्ट्रिज.

त्यांचा जन्म ३ ऑक्टोबर १९१६ रोजी उत्तर आयर्लंडमधील हिल्सबरो येथे झाला. १९३९ मध्ये बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठाची वैद्यकीय पदवी हाती पडते न पडते तोच महायुद्ध पेटले आणि ते ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले. जपान्यांनी कैद केलेल्यांत हजारो भारतीय सैनिकांबरोबर पॅन्ट्रिजही होते. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेच्या कुप्रसिद्ध छावण्यांतील उपासमारीने त्यांना हृदयाला ग्रासणारा बेरीबेरी जडला. १९४५ मध्ये सुटका झाली तेव्हा देहाचा केवळ सापळा उरला होता. पुढे त्यांनी हृदयाचाच अभ्यास करावा, हा योगायोग खचितच नसावा.

अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात हृदयालेखाचे शिक्षण घेऊन ते परतले आणि १९५१ पासून बेलफास्टच्या रॉयल व्हिक्टोरिया रुग्णालयात रुजू झाले. झटक्याने दगावणारे बहुसंख्य रुग्ण रुग्णालय गाठण्यापूर्वीच प्राण सोडतात, ही बाब त्यांना अस्वस्थ करीत होती. अशा मृत्यूचे नेहमीचे कारण म्हणजे ‘व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन’. यात हृदयाचे खालचे कप्पे एका तालात आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. डिफिब्रिलेटर कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज क्षणार्धात छातीतून सोडतो. त्या धक्क्याने थरथर एकदम थांबते व हृदयातील नैसर्गिक गतिकेंद्राला पुन्हा ताल धरण्याची संधी मिळते. चित्रपटांत मात्र पडद्यावरची रेषा सपाट झाल्यावर धक्के दिले जातात! विद्युत हालचाल पूर्ण थांबलेल्या हृदयाला या यंत्राचा उपयोग होत नाही. धक्क्यास होणाऱ्या दर मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते.

तोवर हे यंत्र रुग्णालयातच बंदिस्त होते. पॅन्ट्रिज यांनी १९६५ मध्ये मोटारीच्या बॅटऱ्यांवर चालणारे यंत्र तयार करवून ते रुग्णवाहिकेत बसविले. वजन होते तब्बल ७० किलो! सहकारी डॉ. जॉन गेडिस यांच्यासह त्यांनी १९६७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अनुभव मांडले. १९६८ पर्यंत यंत्राचे वजन तीन किलोंच्या आसपास आले. अमेरिकेने ही कल्पना त्वरेने उचलली. खुद्द ब्रिटनमध्ये मात्र सर्व आघाडीच्या रुग्णवाहिकांत यंत्र पोहोचण्यास १९९० उजाडले. फटकळ स्वभावाच्या पॅन्ट्रिज यांना ही दिरंगाई किती बोचली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली. तिच्या प्रारंभीच्या ९३७ रुग्णवाहिकांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक प्रकारच्या होत्या. डिफिब्रिलेटर हा अशा वाहनाचा अविभाज्य भाग. ते वाहन येईपर्यंत, बेशुद्ध पडून श्वास थांबलेल्या रुग्णाच्या छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाब देत राहणे, एवढे कोणाही गावकऱ्याला करता येते.