एक चिठ्ठी, अनेक भाषा

चिठ्ठीवर मी १-०-१ लिहितो. सकाळी एक गोळी, दुपारी नाही, रात्री एक. औषधाच्या खिडकीतून तीच गोष्ट राळेगणसिद्धीच्या आजींना मराठीत सांगितली जाते आणि सुपा एमआयडीसीत कामाला आलेल्या उत्तरेकडच्या मजुराला हिंदीत. चिठ्ठी एकच, भाषा ऐकणाऱ्याची.

ही गोष्ट संगणकालाही लागते, हे मला एका रात्रीनं शिकवलं. तेव्हा मी दुसऱ्या एका रुग्णालयात होतो. बाळंतपणासाठी आलेल्या एका बाईंना रात्री रक्तस्राव सुरू झाला. त्यांचं हिमोग्लोबिन सहा असल्याचं प्रयोगशाळेच्या संगणकात दुपारीच नोंदलं गेलं होतं. प्रसूती विभागाच्या संगणकावर मात्र ती जागा कोरी होती. दोन्हीकडचे प्रोग्रॅम वेगवेगळ्या भाषांत लिहिलेले, आणि एकानं दुसऱ्याकडे माहिती कशी मागायची हे कोणी लिहूनच ठेवलं नव्हतं. ते आधी दिसलं असतं, तर नगरहून रक्ताच्या पिशव्या संध्याकाळीच आल्या असत्या. त्या आल्या पहाटे. आई आणि बाळ वाचले, पण ती रात्र मी विसरलेलो नाही.

पुढं काही वर्षांनी आमच्याकडे संगणकावर काम करणाऱ्या एका तरुण मुलानं मला एक गंमत दाखवली. कोणत्या पत्त्यावर, कोणत्या रुग्ण क्रमांकाची, कोणती माहिती मागायची, एवढं त्यानं एकदाच नोंदवलं. मग एक बटण दाबलं, की तीच मागणी पायथनमध्ये लिहून तयार. दुसरं दाबलं, की जावामध्ये. तिसरं, की पीएचपीमध्ये. माणसानं काय हवं ते सांगायचं आणि ते यंत्राच्या भाषेत उतरवायचं काम यंत्रावरच सोडायचं. या विचाराचं मूळ शोधत गेलो, तेव्हा ग्रेस हॉपर या बाईंपाशी येऊन थांबलो. डॉक्टर म्हणूनही त्यांच्या आयुष्यात माझ्यासाठी बरंच काही निघालं.

९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये ग्रेस मरेचा जन्म झाला. सात वर्षांची असताना गजराच्या घड्याळात काय चालतं हे बघायला तिनं ते उघडलं. परत जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं, मग तिसरं. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळं सुटी झाली होती. आईनं एवढंच बजावलं, की यापुढं एकाच घड्याळाशी खेळायचं.

वडील विमा व्यवसायात होते. रक्तवाहिन्या कठीण होऊन त्यांचे दोन्ही पाय कापावे लागले. मधुमेह आणि तंबाखू यांनी पायांचा रक्तपुरवठा आटलेले रुग्ण मी आजही बघतो, आणि त्या दुखण्यानं घर कसं खचतं हेही बघतो. या माणसानं मात्र ठरवलं, की मुलाइतकंच मुलींनाही शिकवायचं. पाय गमावलेल्या बापानं मुलींना स्वतःच्या पायांवर उभं केलं. ग्रेस यांनी १९२८ मध्ये व्हॅसार कॉलेजातून पदवी घेतली, १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न केलं आणि १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. व्हॅसारमध्येच त्या गणित शिकवत होत्या.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. नौदलात जायचं त्यांनी मनावर घेतलं, पण वजन आडवं आलं. नियमानुसार ५४ किलो हवं होतं, त्यांचं भरलं ४८च्या आत. खास सवलत घेऊन डिसेंबर १९४३ मध्ये त्या भरती झाल्या. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्डमध्ये झाली, मार्क वन या यंत्रावर. सुमारे साडेपंधरा मीटर लांब, टनावारी वजनाचं हे यंत्र कागदी पट्टीवरची भोकं वाचून गणितं सोडवत असे. त्याला सांगायचं ते सगळं आकड्यांच्या संकेतांत. एकदा जमलेलं गणित पुन्हा लागलं, की मंडळी एकमेकांच्या वहीतून ते हातानं उतरवून घेत. उतरवताना चुका होत. केसपेपर उतरवताना डोस चुकावा, तसंच हे. माणूस हुशार असला तरी नक्कल करताना चुकतो, हे हॉपर यांच्या मनात पक्कं बसलं.

त्यांच्या नावावर पतंगाची एक गोष्टही सांगतात. १९४७ मध्ये मार्क टू यंत्राच्या एका रिलेत अडकलेला पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवला गेला. प्रोग्रॅममधल्या चुकीला बग म्हणायचं ते त्यावरून, असा समज आहे. हा शब्द यंत्रांतल्या बिघाडासाठी त्याआधीही वापरात होता, आणि पतंग हॉपर यांनीच पकडला असंही नाही. त्या ही गोष्ट रंगवून सांगत, एवढं मात्र खरं.

आता त्यांच्या चरित्रातलं फार कमी सांगितलं जाणारं पान. युद्ध संपलं, १९४५ मध्ये घटस्फोट झाला, हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही. युद्धाच्या ताणात सुरू झालेलं पिणं वाढत गेलं. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियातल्या एका नव्या संगणक कंपनीत रुजू झाल्या आणि त्याच वर्षी दारूच्या नशेत पोलिसांच्या हाती सापडल्या. जीव नकोसा झाल्याचे दिवसही आले. तेव्हा एडमंड बर्कली हे जुने सहकारी पुढं आले. त्यांनी पत्र लिहून स्पष्ट सांगितलं, की हे व्यसन आहे, ते तुमची बुद्धी खातंय, उपचार घ्या. त्यांनी हॉपर यांना हिणवलं नाही आणि सत्य लपवलंही नाही.

राळेगणसिद्धीच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. गावात हातभट्ट्या होत्या तेव्हाचे दिवस जुन्या माणसांना आठवतात, आणि यादवबाबांच्या मंदिरातला दारूबंदीचा निर्धारही. गावानं दारू गावातून काढली. पण दारू माणसातून काढायची, तर आजाराला आजार म्हणणारं एखादं जवळचं माणूस लागतं. मी वॉर्डात रोज बघतो, बहुतेकांकडे तेच नसतं.

हॉपर सावरल्या. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच त्यांचं सर्वांत मोठं काम उभं राहिलं. तयार तुकड्यांना क्रमांक देऊन ते चुंबकीय टेपवर ठेवायचे, माणसानं फक्त क्रमांक सांगायचे, आणि यंत्रानंच ते शोधून, जोडून प्रोग्रॅम तयार करायचा. १९५२ मधला हा ए-झिरो, पहिल्या कंपायलरांपैकी एक. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो प्रोग्रॅम कसा लिहील, असं म्हणत लोकांनी त्याकडे बराच काळ लक्षच दिलं नाही.

मग त्यांनी पुढचा हट्ट धरला. व्यापार, पगार, साठा सांभाळणाऱ्या माणसाला गणिती चिन्हं नकोत, शब्द हवेत. कंपनीच्या वरिष्ठांना पटवायला त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम इंग्रजी शब्दांत चालवून दाखवला. तोच फ्रेंच शब्दांत चालवला, तोच जर्मन शब्दांत. यंत्राला तिन्ही सारखेच, शब्दाच्या जागी शब्द आला इतकंच. वरिष्ठ भडकले. अमेरिकेत बनलेल्या संगणकाला फ्रेंच आणि जर्मन समजावं, हे त्यांच्या पचनी पडेना. घाई नडली होती. फक्त इंग्रजीतच चालवू असं समजावण्यात पुढचे काही महिने गेले.

त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली आणि तिच्या पायावर कोबोल. ६ आणि ७ डिसेंबर १९६० रोजी जवळजवळ एकच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखवला गेला. लिहायचा एकदा, चालवायचा कुठंही. कोबोल काही एकट्या हॉपर यांनी लिहिलेली नाही, ती समितीनं घडवली, पण वाट त्यांनी पाडली होती. पुढं वाय-टू-केच्या धामधुमीत पुण्या-मुंबईच्या कितीतरी मुलांना परदेशाची वाट दिसली, तीही जुने कोबोल प्रोग्रॅम दुरुस्त करता करता.

१९६६ अखेर नौदलानं त्यांना निवृत्त केलं आणि १९६७ मध्ये सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. प्रत्येक विभागाची कोबोल वेगळी झाली होती, ती एका मापात आणायची होती. ते सहा महिने एकोणीस वर्षं चालले. १९८६ मध्ये त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या, वय ७९. भाषणाला जाताना जेमतेम तीस सेंटिमीटर तारेचे तुकडे नेत. सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढीच धावते, हे हातात देऊन समजावत. १ जानेवारी १९९२ रोजी, ८५व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

आज रुग्णालयातला एक प्रोग्रॅम दुसऱ्याकडे क्षणात अहवाल मागू शकतो. त्यासाठीचा मजकूर कोणत्याही भाषेत यंत्रच लिहून देतं. तरी तो मागायचा आहे हे आधी माणसाला सुचावं लागतं, आणि आलेला अहवाल कोणीतरी वाचावा लागतो. म्हणून दोन विनंत्या. आपला चौदा अंकी आभा क्रमांक काढून घ्या, पण गरोदरपणाची फाईल आणि रक्ताचे कागद बाळंतपणाला येताना सोबत आणाच. संगणक बंद असेल, कागद बोलेल.

दुसरी विनंती बर्कलींची आठवण ठेवून. घरात, शेजारी, कामावर कोणी दारूत बुडत असेल, तर एकदा शांतपणे, स्पष्ट बोला आणि त्याला घेऊन सरकारी रुग्णालयात या. मन खचलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथं मराठीतही बोलता येतं.